थोरलीचा घास

टाक अकरा ग्रॅमचा होता. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा. त्यावर ठोकून काढलेली बाई कुठलीही असू शकली असती. दोन डोळे, कपाळावर एक ठिपका, पायघोळ लुगडं. मैनाच्या गळ्यात तो काळ्या दोऱ्यात असे. एकदा दोरा तुटला तेव्हा तिनं तो माझ्या हातात दिला होता आणि भाकरी तोलायच्या माझ्या लहान तराजूत टाकून मी त्याचं वजन पाहिलं होतं. माणसं तोलायचा आमचा काटा शंभर ग्रॅमपेक्षा बारीक फरक दाखवत नसे, तेव्हा त्यातून अकरा ग्रॅम वजा करण्यात काही अर्थ नव्हता. तरी दर खेपेला मैनाच्या वजनातून मी ते मनातल्या मनात वजा करत असे. ते वजन तिचं नव्हतं. माझ्या बहिणीचं होतं.

“पाय जुळवून उभी राहा. समोर बघ.”

“बघतीया की.”

“चव्वेचाळीस पूर्णांक दोन.”

“आन् मागल्या खेपंला, बाई?”

“चव्वेचाळीस पूर्णांक दोन.”

ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या गोदाक्का हसल्या. “मंजी हाय तसंच. झ्याक झालं. वाढाया ती काय बाजाराची शेळी हाय?”

मैनाला तेव्हा सातवा महिना होता.

मी एकोणिसशे एक्क्याण्णव सालाबद्दल सांगते आहे. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी एका संस्थेच्या पाहणीत नोकरीला लागले होते. गरोदर बायका काय खातात आणि त्यांची मुलं केवढी जन्मतात, एवढंच पाहायचं होतं. आटपाडीच्या माळावरची बावीस गावं, आम्ही चौघी जणी, एक जीप. दर पंधरवड्याला प्रत्येकीचं वजन करायचं, आदल्या दिवशी तिनं काय खाल्लं ते वाटी-चमच्याच्या मापानं लिहायचं, आणि तीन वेळा बोटातून रक्त घ्यायचं. सांगायचं काहीच नाही. “आपण मोजायला जातो, शिकवायला नाही,” आमच्या डॉक्टर मॅडम म्हणत. “तुम्ही शिकवलंत की त्या बदलतील, आणि आपले आकडे खोटे पडतील.”

“काल सकाळपासून काय काय खाल्लंस?” मी मैनाला विचारलं.

हा प्रश्न मी मैनाला विचारायचा आणि उत्तर गोदाक्कांनी द्यायचं, असं ठरून गेलं होतं.

“सकाळच्याला च्या आन् चपाती. दुपारच्याला दोन भाकरी, आमटी, वाटीभर दूद. सांजच्याला पुन्ना दोन भाकरी. खाती बक्कळ. अंगी लागत न्हाई त्याला म्या काय करू?”

मी फॉर्मवर लिहीत होते. मैना सासूच्या पाठीमागं खांबाला टेकून उभी होती. तिनं पदराआडून एक बोट वर केलं आणि मधोमध दुमडलं. अर्धी. मग तळहात आडवा हलवला. दूध नाही. हे आमचं चौथ्या भेटीपासून चाललेलं होतं. फॉर्मवर गोदाक्कांची भाकरी जायची, आणि माझ्या वहीत मैनाचं बोट.

मग मी नळ्यांची पेटी उघडली. नळीत विसाच्या खुणेपर्यंत आम्ल, त्यात बोटातलं रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंबथेंब पाणी घालत त्या तपकिरी रंगाला शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवत न्यायचं. रंग जुळला की हिमोग्लोबिनची पातळी वाचायची.

“रगात काडून न्हेता,” गोदाक्का म्हणाल्या, “आन् वर इचारता पोरगी पांढरी का पडली.”

मैना बोट चोखत हसली. मी नळी उजेडाकडे धरली. रंग फार लवकर जुळला. आणखी एक थेंब घातला असता तर पुढं गेला असता. मी पातळी दोनदा वाचली. सहा पूर्णांक चार.

“किती आलं, बाई?” मैनानं विचारलं.

“लिहिते,” मी म्हणाले.

मोजायचं आणि गप्प बसायचं, या आमच्या नियमाला एकच अपवाद होता. सातच्या खाली आकडा आला तर त्याच दिवशी लाल चिठ्ठी फाडायची आणि त्या बाईला आमच्याच जीपनं मिरजेच्या दवाखान्यात पोचवायचं. रक्त चढवायला. लाल चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्या पिशवीत सगळ्यात वर होतं. मी ते बाहेर काढलं.

“कुमुद, आइक,” गोदाक्का म्हणाल्या. “ह्या शनवारी न्हाई, फुडल्या शनवारी डोहाळजेवान हाय हिचं. समदी आळी येनार, वरल्या वाडीच्या बी बाया येनार. तुजं यायलाच पायजे बग. कामाचं म्हून न्हवं. घरचं मानूस म्हून.”

“सगळ्या बायका येणार?”

“समद्या. पोरीबाळी धरून सा-सात कोडी, शे-सव्वाशे तरी हुतील.”

मी पुस्तक परत पिशवीत ठेवलं.

“येईन,” मी म्हणाले.

*

माझी बहीण शशीताई ही गोदाक्कांची थोरली सून. तीन वर्षांपूर्वी ती याच घरात बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेच्या दवाखान्यात, रक्त चढवायच्या आधीच, दगावली. मूल तेराशे ग्रॅमचं होतं, ते त्याच संध्याकाळी गेलं. वर्ष सरल्यावर तिच्या नवऱ्यानं, गोदाक्कांच्या दिनकरनं, मैनाशी दुसरं लग्न केलं. पहिली गेली आणि दुसरी आणली की दुसरीनं गळ्यात सवतीचा टाक घालायचा, जेवायच्या आधी तिच्या नावानं एक घास काढून ठेवायचा, म्हणजे गेलेली कोपत नाही, अशी तिकडची रीत. मैना रोज घास काढायची. एकदा मी तोही तोलला होता. अर्ध्या भाकरीतला नऊ ग्रॅमचा तुकडा. उरलेल्यात मैना आणि तिच्या पोटातलं.

शशीताई गरोदर असताना मी कोल्हापुरात शिकत होते. तिची कार्डं यायची. आक्का एकच भाकरी देतात, म्हणतात पोटात जागा एवढीशी, जेवण बसलं तर लेकरू कुठं बसेल, असं तिनं एकदा लिहिलं होतं. शेवटच्या कार्डात एक ओळ होती. “मला डोहाळे कसले लागलेत सांगू? भाकरीचे.” मला ते वाचून हसू आलं होतं. मी उलट टपाली लिहिलं, पोटभर जेवत जा, हिरव्या पालेभाज्या खा. वर्गात नुकतंच शिकवलं होतं.

तिच्या दवाखान्याचा कागद आमच्या आबांनी आणला. त्यावर तिच्या रक्ताचा आकडा होता. पाच पूर्णांक दोन. आबांना तो वाचता आला नाही. मला आला. तो मी माझ्याजवळ ठेवून घेतला, आणि पुढं पाहणीची गावं वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा बावीस गावांच्या यादीतलं हे गाव मी मागून घेतलं. बाकीच्या तिघींना नवल वाटलं, कारण या गावाला डांबरी रस्ता नव्हता.

गोदाक्कांनी मला पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. डोळ्यांना पदर लावला, गूळ-पाणी दिलं, आणि मग विचारलं, “लगीन कवा करनार?” त्या वाईट वागल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या सोमवारी संध्याकाळी गावाबाहेर चिंचेखाली जीप उभी होती. आमचे ड्रायव्हर इस्माईलमामू बॉनेट पुसत होते.

“काय बाई, आज लाल कुणी?”

“नाही,” मी म्हणाले.

“अल्लाचा उपकार. मागल्या आठवड्याची ती बाई वाटेत तीनदा ओकली. सीट धुऊन धुऊन माझीच कंबर लाल झाली.” ते हसले. मग गाडी सुरू करताना आरशातून माझ्याकडे पाहिलं. “तुमची तब्येत ठीक आहे ना?”

“ठीक आहे.”

फॉर्मवर रक्ताच्या रकान्यात मी काही लिहिलं नव्हतं. वहीत लिहिलं होतं. रात्री नव्हे, तिथंच, जीपमध्ये, धक्के खात मी ठरवून टाकलं. शशीताईचा कागद आणि मैनाचा आकडा, दोन्ही मी डोहाळजेवणात वाचून दाखवणार. सगळ्या आळीच्या देखत. हिरवी साडी नेसवून, फुलं माळून, पंचपक्वान्नांचं ताट पुढं ठेवून गोदाक्का मिरवत असतील तेव्हा. आधी मी त्यांना विचारणार, काल हिनं काय खाल्लं? त्या सांगतील दोन भाकरी. मग मी आकडे वाचणार. आणि मग एकच वाक्य म्हणणार: आक्का, माझ्या बहिणीला तुम्ही उपाशी मारलंत, आणि आता हिला मारताय. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? मरेपर्यंत त्यांना कोणी ते विसरू देणार नाही.

त्यासाठी बारा दिवस थांबायचं होतं. बारा दिवसांत फार काही होणार नाही, असा मी हिशेब केला. तो हिशेब करायला मी शिकलेली होते.

*

आठ-नऊ दिवसांनी शेजारच्या गावाला जाताना मी वाट वाकडी करून मैनाच्या वस्तीवरनं गेले. का ते मला सांगता येणार नाही. दुपारची वेळ. गोदाक्का बाजाराला गेल्या होत्या. गोठ्याच्या भिंतीशी मैना पाठमोरी बसली होती.

“मैना?”

ती दचकून उठली, आणि उठताना भिंत धरली. तिच्या ओठांच्या कडेला माती होती. मागं भिंतीच्या लिंपणात बोटांनी उकरून ओंजळभर खड्डा केलेला दिसत होता.

“आक्कास्नी सांगू नगा, बाई. पाया पडते.”

“माती खातेस?”

“ग्वाड लागती. पावसानं भिजल्यागत वास येतो, मग ऱ्हावत न्हाई.” ती तोंड पुसत हसली. एकोणीस वर्षांची होती. हसली की शशीताईसारखी मुळीच दिसायची नाही, आणि त्याचाही मला राग यायचा. “लई दम लागतोया. हापशावरनं एक घागर आनली की डोळ्याम्होरं काजवं.”

अंगात लोह नसलं की माणूस माती खातं. हे मला परीक्षेत विचारलं गेलं होतं आणि मी पूर्ण गुण मिळवले होते.

मागं गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. तीही गाभण होती. तिच्या पुढ्यात पेंडीचं भिजवण होतं.

“हिला रोज किती पेंड घालता?” मी विचारलं.

“दोन शेर. आक्का म्हंत्यात, आता हयगय केली तर रेडकू मरतं.”

“आणि तुला?”

ती गळ्यातला टाक चिमटीत धरून उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, एक इचारू? रागावनार न्हाई न्हवं?”

“विचार.”

“थोरलीला माजा राग येतो का वो? म्या रोज घास काडते. कवा चुकवला न्हाई. उपासाच्या दिशी बी केळ्याचा काडते. तरी म्होरं म्होरं अंग गळतच चाललंया. आक्का म्हंत्यात, थोरली कोपलीया, तीच घेती तुजं रगात. तुमी तिच्या पाठच्या. तुमास्नी कळत आसंल.”

मला एक वाक्य बोलायचं होतं. तुझ्या अंगात रक्त नाही आणि त्याला औषध आहे. दहा सेकंदांचं काम. जीप पलीकडे रस्त्यावर होती. पण शनिवारला चारच दिवस उरले होते.

“तिलाच विचार,” मी म्हणाले आणि वळले.

रस्त्याला लागल्यावर मी एकदा मागं पाहिलं. ती हातातल्या टाकाकडे बघत उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते.

*

शनिवारी अंगणात मांडव घातला होता. दिनकर उसाच्या ट्रकवर होता. तसंही बाप्यांचं तिथं काम नव्हतं. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, पोरी मागं उभ्या होत्या. मध्ये चौरंगावर मैना. हिरवं लुगडं, अबोलीच्या वेण्या, हातभर हिरव्या बांगड्या. पुढ्यात केळीच्या पानावर पुरणपोळ्या, कडबू, पाच रंगांचे भात, धपाटे, भजी, खीर. मैना त्या पानाकडे बघत होती तसं मी आजवर कुणाला कशाकडे बघताना पाहिलेलं नाही.

“आता हिला खायचा हुकूम द्या की!” एक बाई ओरडली. “पोरगी नजरेनंच पोळी उचलाय लागली!”

“चाखायचं निस्तं,” गोदाक्का मैनाच्या कानाशी वाकून म्हणाल्या. “शास्त्रापुरतं. प्वाट भरायचं न्हाई, ध्येनात हाय न्हवं?”

मैनानं मान हलवली. पोळीचा एक तुकडा मोडला, तो पानाच्या बाजूला ठेवला. थोरलीचा. मग दुसरा तुकडा मोडून तोंडात घातला आणि डोळे मिटले.

“दोन वाट्या आना गं! पेढा का बर्फी, बगू तरी!”

“बर्फीच निगनार. प्वाट बगा कसं बसकं हाय.”

“बसकं न्हाई, हायेच कुटं प्वाट? माज्या सुनंचं पाचव्यात एवढं हुतं.”

हशा झाला. मी मांडवाच्या कडेला उभी होते. पिशवीत हात घालून दोन्ही कागद चाचपले. माझी नाडी, मी मोजली, एकशे बारा होती. गाणं संपायची मी वाट बघत होते. मैनाच्या ओठांना रंग नव्हता. खालच्या पापणीची आतली कड दुरूनही दिसत होती, पांढरी, उकडलेल्या अंड्यासारखी. आता एवढ्यात, असं मी स्वतःला सांगत होते. आता एवढ्यात.

गाणं संपलं. मी एक पाऊल पुढं टाकलं, आणि गोदाक्कांनी माझा हात धरला.

“ये बाय. तुजीच वाट बगत हुते.” त्यांनी माझ्या हातात हळदी-कुंकवाचं ताम्हण दिलं, वर खण, नारळ, पाच मुठी गहू. मग बायांकडे वळल्या. “ही शशीची पाठची. सवाशीन नसली तरी पयली वटी हिनं भरायची. थोरलीच्या म्हायेरचं मानूस वटी भरतंया तवा थोरलीचा राग उतरतो.” आणि माझ्याकडे वळून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “कुमुद, तिला सांग गं. आमचं काय चुकलं आसंल तर पोटात घाल म्हनावं. ह्या पोरीला सोड म्हनावं.”

मी मनाशी जी वेळ बारा दिवस जपली होती ती याहून चांगली येणार नव्हती. बायका माझ्याकडेच बघत होत्या. मी ताम्हण खाली ठेवलं.

“काय चुकलं, आक्का? ते तुम्हीच सांगा. सगळ्यांच्या समोर सांगा.”

कुणीतरी “अगं बाई” म्हणालं. गोदाक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग चौरंगाच्या कडेला, मैनाच्या पायाशी, टेकल्या.

“त्येच तर कळंना झालंया मला,” त्या म्हणाल्या.

“शशीताईला एक भाकरी देत होता तुम्ही. एका जेवणाला.”

“एक सकाळी, एक सांजच्याला. हुय. सा म्हयन्यापस्नं एकच.” त्यांनी ते लपवलं नाही. “तुला म्हाईत न्हाई, तू तवा जल्मली बी नसशील. माजी हौसा. थोरली लेक. भरल्या घरात दिली हुती, खायापियाला बक्कळ, दूद-तूप. सासू लाडाची. लेकरू पोटात ह्ये एवढं वाडलं, वरवंट्यागत. आन् अडलं. तीन दीस, तीन राती. बैलगाडीत घातली, मांडीवर डोकं घिऊन बसले मी. दवाखान्याच्या दारात गेली. लेकरू आतच.”

मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं नुसती मान हलवली. तिला ते ठाऊक होतं.

“त्या दिशी ठरीवलं, ह्या घरात पुन्ना बाई अडून मरायची न्हाई. दिनकरची बायकू आली तवा तिला पयल्यापस्नं जपलं. न्हाण्याला ऊन पानी, जड काम न्हाई. निस्तं पोटाला कमी. लेकरू बारीक ऱ्हावं म्हून. आन् बग, झालं बी बारीक. वीतभर. तासाभरात मोकळी झाली, कळ बी धड आली न्हाई तिला. मी म्हनलं, देवा, जितलो. आन् सकाळी ती गेली. लेकरू अडलं न्हाई, काय न्हाई. मग का गेली? तीन वर्सं मी ह्योच इचार करतीया. मग वाटलं, एक भाकर बी जास्तीच झाली आसंल. म्हून हिला अर्धीच ठिवली.”

चौरंगावर मैनानं डोळे मिटलेले होते. एक हात पानाच्या कडेवर होता. ती किंचित डुलत होती, गाणं चालू असल्यासारखी.

माझ्या हातात शशीताईचा कागद होता. तो मी केव्हा बाहेर काढला ते मला आठवत नाही.

“दवाखान्यात तुम्हाला कुणी सांगितलं नाही ती का गेली ते?” मी विचारलं.

“कोन सांगनार मला? डाक्टरनं कागूद दिला. त्यो तुज्या आबानं न्हेला. म्हनला, कुमुद वाचंल.” गोदाक्कांनी माझ्या हातातल्या घडीकडे पाहिलं. त्यांना ती ओळखता येणं शक्य नव्हतं, तरी त्या तिच्याकडेच बघत राहिल्या. “तू वाचलास न्हवं? काय लिवलं हुतं गं त्यात?”

त्या मला जाब विचारत नव्हत्या. वर्गात उत्तर न आलेलं पोर गुरुजींकडे बघतं, तशा बघत होत्या. तोंड थोडं उघडं होतं. मी घासून पुसून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं, शब्द न शब्द. ते म्हटलं असतं तर खरंही ठरलं असतं. बायका वाट बघत होत्या. मला तीन वर्षं हवं होतं ते सगळं त्या अंगणात होतं: गोदाक्का खाली बसलेल्या, मी उभी, गाव साक्षीला.

पण त्या अंगणात हे माहीत असलेलं माणूस एकच होतं, आणि ते गोदाक्का नव्हे.

मैनाचा हात पानावरून घसरला. बांगड्या वाजल्या. मी चौरंगाशी पोचले आणि तिला खांद्याला धरलं. घामानं ती गार पडली होती. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि घाबरून पुटपुटली, “घास काडला हुता, बाई. आत्ताच काडला हुता.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले. “शशीताई तुझ्यावर रागावलेली नाही. कधीच नव्हती. रागावले होते मी.”

“काय बोलतीया ही?” मागून कुणीतरी विचारलं. “आवाज चडवून बोल की गं, आयकू यीना!”

मी मान वर केली. गोदाक्का अजून तशाच बसल्या होत्या, उत्तराची वाट बघत.

“आक्का,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला, तेवढा मोठा तो आधी कधी निघाला नव्हता. “शशीताईच्या अंगात रक्त नव्हतं. बाळंतपणात जातं तेवढं जायलाही तिच्याजवळ उरलं नव्हतं, म्हणून ती गेली. खाणं कमी पडलं म्हणून रक्त नव्हतं. कागदावर हे लिहिलंय, आणि तीन वर्षं तो मी तुम्हाला दाखवला नाही. मैनाच्याही अंगात रक्त नाही. हे मला आज बारा दिवस ठाऊक आहे. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी नेली नाही, मुद्दाम नेली नाही, आज तुमची मान खाली घालायची होती म्हणून. तिला काही झालं तर ते तुमच्या माथ्यावर नाही, माझ्या. उशीर कुणी केला ते मी तिथं डॉक्टरांना लिहून देणार आहे. चिंचेखाली इस्माईलमामू आहेत, त्यांना कुणीतरी पळत जाऊन गाडी दारात आणायला सांगा. ते पान उचलू नका, बांधून द्या, वाटेत तिला पोटभर खायचंय. आणि आक्का, तुम्हीही उठा. मैनाला मी आत्ता मिरजेला घेऊन निघालेय.”